फर्न चालतं का? आधी नाव सांगा!

"आमच्याकडे पिल्लू आणलंय. बाल्कनीत फर्न ठेवलं तर चालेल ना रे?"

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच. जून-जुलैत जरा जास्त, कारण पहिले दोन पाऊस पडले की मंडळींना अचानक बाल्कनी हिरवीगार करायची हुक्की येते. खरं तर मी वनस्पतीशास्त्रज्ञ नाही आणि प्राण्यांचा डॉक्टर तर नाहीच नाही. सोमवार ते शुक्रवार हापिसात (बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच लिहिलेल्या) कोडमधले बग शोधायचे आणि वीकांताला पंचवीसेक कुंड्या आणि एक इंडी कुत्री सांभाळायची, एवढंच माझं क्वालिफिकेशन. पण घरात कुंड्या आणि कुत्रं दोन्ही गुण्यागोविंदानं नांदतंय म्हटलं की लोक आपल्याला तज्ज्ञ समजायला लागतात. असो.

तर या प्रश्नाला "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात उत्तर द्यायचं मी आता बंद केलंय. लोकांना राग येतो. "साधं तर विचारलंय, भाव कशाला खातोस?" वगैरे. भाव खात नाहीये हो. पण ज्या प्रश्नात झाडाचं नावच नाही, त्याला बूलियन उत्तर देता येत नाही. आणि तसं उत्तर दिल्यामुळे एखाद्याचं कुत्रं मरू शकतं. अतिशयोक्ती वाटतेय ना? मग पुढे वाचा.

आधी ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी. तुमच्याकडे असलेलं झाड जर बोस्टन फर्न असेल, म्हणजे शास्त्रीय भाषेत नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटा, तर खुशाल ठेवा. एएसपीसीए ही अमेरिकेतली १८६६ सालापासूनची प्राण्यांसाठी काम करणारी संस्था आहे. पाळीव प्राण्यांना कोणती झाडं विषारी आणि कोणती नाहीत याची त्यांची यादी जगभर वापरली जाते. त्यात बोस्टन फर्न कुत्र्यांसाठी बिनविषारी म्हणून नोंदलेलं आहे. भिंतीवर टांगतात ते हरणाच्या शिंगांसारखं स्टॅगहॉर्न आणि मोठ्या चकचकीत पानांचं बर्ड्स नेस्ट, हे दोन्हीही बिनविषारी. (नेफ्रोलेपिस हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय? शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात 'टेरिडोफायटा' या शब्दाखाली होतं बघा. घोकलेलं कधीतरी कामाला येतं ते असं.)

झालं समाधान? आता खरी गोष्ट.

नर्सरीत 'फर्न' हा शब्द म्हणजे झाडाचा प्रकार नव्हे, ती नुसती एक चिठ्ठी आहे. प्रोग्रामरच्या भाषेत सांगायचं तर ती स्ट्रिंग आहे, टाइप नाही. जे हिरवं, नाजूक आणि झालरीसारखं दिसतं त्याला फर्न म्हणायचं, इतका साधा हिशेब. उदाहरणार्थ ॲस्पॅरॅगस फर्न. टांगत्या कुंड्यांमधून सुईसारख्या बारीक पानांचे झुपके लोंबत असतात ते. त्याचाच एक भाऊबंद फुलांच्या बुकेमध्ये मागे जाळीसारखा लावतात. या दोघांचा फर्नशी काडीचाही संबंध नाही. ती आपल्या शतावरीची सख्खी भावंडं! त्यांना फुलं येतात, फुलांनंतर फळं येतात आणि बऱ्याचदा खोडाला बारीक काटेही असतात. कुत्र्यानं ती फळं खाल्ली तर उलट्या, जुलाब, पोटदुखी होऊ शकते आणि झुडपात पुन्हापुन्हा अंग घासलं तर कातडीला ॲलर्जी. जीवघेणं प्रकरण नाही, पण 'फर्न बिनविषारी असतं' असं ऐकून आणलेलं झाड एएसपीसीएच्या त्याच यादीत विषारी रकान्यात बसलंय, हे ध्यानात घ्या.

"बरं, मग खरं फर्न असलं की झालं ना?" नाही. जगात फर्नच्या दहा हजारांहून जास्त जाती आहेत. त्यांतलं ब्रॅकन, म्हणजे टेरिडियम, हे चांगलं खरंखुरं, शंभर नंबरी फर्न. डोंगरउतारांवर अमाप वाढतं. ते सतत खाल्ल्यानं घोड्यांमध्ये थायमिनची म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होते. गायींना मूत्राशयात गाठी होऊन लघवीतून रक्त जातं आणि हिमालयातल्या डोंगरी भागांत गुरांचा हा आजार चांगलाच ओळखीचा आहे. त्यातलं टाक्विलोसाइड नावाचं द्रव्य कॅन्सरकारक आहे. तुमच्या बाल्कनीत ब्रॅकन असायची शक्यता जवळजवळ शून्य, त्यामुळे घाबरू नका. मुद्दा इतकाच, की "खरं फर्न म्हणजे सेफ" हाही नियम म्हणून टिकत नाही.

पण या दोन्ही गोष्टी किरकोळ वाटाव्यात असा तिसरा प्रकार आहे, आणि त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप टंकतोय. सायकस.

तुम्ही हे झाड नक्की पाहिलंय. बुटकं, खवल्याखवल्यांचं जाड खोड आणि वर गोलाकार पसरलेली चकचकीत, पिसासारखी पानं. आयटी पार्कची लॉबी, हॉटेलचं प्रवेशद्वार, सोसायटीचं गेट... दोन्ही बाजूंना एकेक रुबाबात उभं असतं. कुणी त्याला पाम म्हणतं, तर कुणी पानं बघून फर्न म्हणतं. इंग्रजीत यातल्या एका जातीला तर 'फर्न पाम' असंच नाव आहे! प्रत्यक्षात ते पामही नाही आणि फर्नही नाही. सायकॅड नावाचा वेगळाच, फार पुरातन वंश आहे तो. त्याचा प्रत्येक भाग कुत्र्यासाठी विषारी असतो आणि नारिंगी-लाल बिया सगळ्यांत जास्त. एक-दोन बियांतही कुत्रं दगावू शकतं. त्यातलं सायकॅसिन यकृताची वाट लावतं. १९८७ ते १९९७ या काळात अमेरिकेत नोंदल्या गेलेल्या साठ कुत्र्यांचा अभ्यास आहे, त्यात साधारण एक तृतीयांश कुत्री गेली.

माझ्या एका मित्राची बीगल होती. दोन वर्षांची, अतिशय वाह्यात आणि तितकीच लाडकी. एका रविवारी संध्याकाळी तिनं गेटजवळच्या झाडाखाली पडलेलं काहीतरी चघळलं. रात्री दोन उलट्या झाल्या. मित्रानं घाबरून डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंय? हा म्हणाला, "पामचं बी." आता आपल्याकडे पाम म्हणजे दहातल्या नऊ वेळा अरेका पाम, आणि तो कुत्र्यांना बिनविषारीच असतो. डॉक्टरांनी पोटाला आराम द्या, सकाळी बघू म्हणून सांगितलं. जे नाव त्यांना सांगितलं गेलं त्या नावाला ते उत्तर बरोबरच होतं. सकाळी उलट्या थांबल्या होत्या, म्हणून सगळे निवांत झाले. मंगळवारी तिचे डोळे आणि हिरड्या पिवळ्या दिसायला लागल्या. शुक्रवारी ती गेली.

यात दोष कुणाचा म्हणाल तर माणसांपैकी कुणाचाच नाही. मित्रानं जे नाव आयुष्यभर ऐकलं तेच सांगितलं. सायकसच्या विषबाधेची हीच खोडी आहे. उलट्या काही तासांत सुरू होतात, मग मध्ये बरं वाटल्यासारखं होतं आणि यकृत बिघडल्याची लक्षणं दोन-तीन दिवसांनी दिसतात. जे काही करायचं ते त्या पहिल्या काही तासांतच करायचं असतं. ते तास एका चुकीच्या शब्दानं खाल्ले.

आता यातली गंमत (कसली डोंबलाची गंमत म्हणा) बघा. आपल्याकडच्या नर्सरीवाल्यांना हे झाड 'सायकस' म्हणूनच माहीत आहे. म्हणजे चक्क त्याचं शास्त्रीय नाव! याबाबतीत आपण अमेरिकेच्या एक पाऊल पुढे आहोत, कारण तिकडे ते 'सागो पाम' म्हणून विकलं जातं. पण आपण ज्या 'कुत्र्यांसाठी धोकादायक झाडं' छापाच्या याद्या एकमेकांना पाठवतो, त्या सगळ्या तिकडून आलेल्या. मूळ यादीत सामान्य नावाशेजारी शास्त्रीय नाव असतं. पण त्याचं रंगीत चित्र बनून व्हॉट्सॲपवर फिरायला लागेपर्यंत ते गळून पडलेलं असतं. मग आपला माणूस 'सागो पाम' वाचतो, सागो म्हणजे साबुदाणा असं कळलं की त्याला खिचडी आठवते, आणि "आपल्याकडे नाही ब्वा असलं काही" म्हणत गेटवरच्या दोन सायकसांमधून कुत्र्याला फिरायला घेऊन जातो. एकच वस्तू, दोन नावं, आणि जोडणारं टेबल कुणीतरी डिलीट केलेलं. कुठल्याही डेटाबेसवाल्याच्या अंगावर काटा येईल.

उलट्या बाजूचा बगही तितकाच वाईट आहे. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत एका लॅब्रॅडॉरनं बागेतल्या बोस्टन फर्नची पानं खाऊन उलटी केली. झालं! ग्रुपवर फोटो, तातडीची मीटिंग, आणि दोन दिवसांत लॉबीतल्या सगळ्या फर्नच्या कुंड्या टेम्पोत. गेटवरचे सायकस मात्र जागच्या जागी, कारण ते 'शोभेचे' आणि महागाचे. फर्न हटवल्याबद्दल कमिटीचं अभिनंदनही झालं.

अहो, कुत्री पाला खातात. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यक संशोधकांनी दीड हजारांवर कुत्रापालकांना विचारून याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात ६८ टक्के लोकांनी सांगितलं की त्यांचं कुत्रं रोज किंवा दर आठवड्याला गवत किंवा दुसरी झाडं खातं. खाल्ल्यावर नेहमी उलटी करणारी कुत्री होती साधारण २२ टक्के. एएसपीसीएच्या यादीतही स्पष्ट म्हटलंय की कुठलाही पाला खाल्ल्यानं कुत्र्या-मांजरांना उलटी होऊ शकते. म्हणजे पाला खाऊन एखादी उलटी, ही एकटी गोष्ट विषाचा पुरावा नव्हे.

"पण धोका कशाला पत्करा? सगळंच काढून टाकलं की प्रश्न मिटला," असं म्हणणारे भेटतात. त्यांची काळजी खरी असते, मी नाकारत नाही. पण ज्यांनी कधी ऑनकॉल ड्यूटी केली आहे त्यांना विचारा. दर दहा मिनिटांनी खोटा अलार्म वाजायला लागला की माणूस पेजर म्यूट करतो आणि मग खरा अलार्मही ऐकू येत नाही. फर्न विषारी, मनीप्लँट विषारी, जास्वंद विषारी, सगळंच विषारी असं ओरडत सुटलं की लोक ऐकणंच बंद करतात. मग तोंडाची थोडी आग करणारा मनीप्लँट आणि हृदय बंद पाडणारी कण्हेर एकाच रांगेत जाऊन बसतात. 'विषारी' हा शब्द मोजमापाशिवाय वापरला की निरुपयोगी होतो.

आणि झाडाच्या नावावरून भांडताना एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे कुंडीतलं बाकीचं सामान. फर्न निर्दोष असेलही, पण त्याच्या मातीत काय घातलंय? सेंद्रिय खत म्हणून एरंडी पेंड सर्रास घालतात. एरंडाच्या बियांत रायसिन असतं आणि पेंडीवर पुरेशी उष्णतेची प्रक्रिया झाली नसेल तर ते तसंच शिल्लक राहतं. पेंडीत बोनमील मिसळलेलं असेल तर कुत्र्याच्या नाकाला ती मेजवानीच! पावसाळ्यात गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कुत्री आवडीनं खातात आणि काही तासांत थरथर, झटके, प्रचंड ताप सुरू होतो. शिवाय थिमेट, म्हणजे फोरेट. त्याच्यावर आपल्या देशात २०२० च्या अखेरीस पूर्ण बंदी आली, पण माळ्याच्या खोलीत जुना डबा नाही ना, हे एकदा डोकावून बघा. 'सेंद्रिय' आणि 'सेफ' हे समानार्थी शब्द नाहीत, एवढं जरी लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

आता नेहमीचा आक्षेप. "एवढी लॅटिन नावं कोण लक्षात ठेवणार? आम्ही काय बॉटनी घेतली होती का?" मला हे पटत नाही. बोगनवेल, जरबेरा, बिगोनिया ही नावं आपण भाजीवाल्याशी बोलावं तितक्या सहज घेतो. ती सगळी शास्त्रीय नावंच आहेत, किंवा त्यांना मराठी वळण लागलंय इतकंच. औषधाच्या पाकिटावर कंपनीचं नाव कितीही मोठं असलं तरी आत काय आहे हे छापलेलं असतं आणि आपण हल्ली ते वाचतोही. आणि लिनियसनं १७५३ सालच्या ग्रंथात प्रत्येक झाडाला दोन शब्दांचं नाव द्यायची जी पद्धत रुळवली, ती म्हणजे युनिक आयडीच की! सगळं जग जवळपास पावणेतीनशे वर्षं तो वापरतंय. आपल्याला ते पाठ करायचंच नाहीये. कुंडीवर चिकटवलेलं असलं की बास.

म्हणून माझं म्हणणं अगदी थोडक्यात.

नर्सरीत झाड घेताना विचारा, "याचं शास्त्रीय नाव काय?" बऱ्याच जणांना येतं. आपण विचारत नाही म्हणून ते सांगत नाहीत. नाव एका पट्टीवर लिहून कुंडीत खोचा. आइसक्रीमची काडी चालते.

घरात आधीच असलेल्या झाडांसाठी साधी तपासणी. ज्याला फूल, फळ किंवा बी आलं ते फर्न नाही, मग कुणीही काहीही म्हणो. पानाच्या मागे बीजाणूंचे तपकिरी ठिपके किंवा रेघा ओळीनं असतील तर ते फर्न आहे. (ठिपके नसले म्हणून फर्न नाहीच, असं मात्र म्हणता येत नाही.) पान कडक असेल, टोकाला टोचत असेल आणि खोड खवल्यांचं असेल तर सायकसचा संशय घ्या. फोनमधलं फोटो ओळखणारं ॲप सुरुवातीला वापरायला हरकत नाही, पण शेवटचा शब्द त्याचा मानू नका.

कुत्र्यानं काही खाल्लंच, तर त्या झाडाची फांदी किंवा बी पिशवीत घालून कुत्र्याबरोबर डॉक्टरांकडे न्या, फोटो काढा, वेळ लिहून ठेवा. सायकसची शंका जरी असली तरी लक्षणांची वाट बघू नका आणि मध्येच बरं वाटलं म्हणून फसू नका. घरच्या घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा आचरटपणा तर अजिबात नको, त्या मिठाचीच विषबाधा होते.

आणि ज्यांच्या सोसायटीत कुत्री आणि बाग दोन्ही आहेत (म्हणजे जवळपास आपण सगळेच) त्यांनी एक वीकांत काढून आवारातल्या झाडांची यादी करा. नाव, जागा, खत-औषध काय घालतात, एवढे तीन रकाने. दोन-तीन तासांचं काम आहे. यादी झाल्यावर कुत्री पोहोचतील अशा जागेवरचे सायकस हलवायचे की जाळी लावायची, ते भांडून ठरवा. भांडायला माझी ना नाही, पण नाव धरून भांडा.

आमच्या कमिटीपुढे हा प्रस्ताव मी ठेवलाय. "पुढच्या मीटिंगला बघू" असं छापील उत्तर आलंय. बघू काय होतंय ते. तोवर गेटवरच्या सायकसांखाली पडलेल्या बिया दर शनिवारी सकाळी मी स्वतः उचलतो. वॉचमनकाका हसतात. हसू देत.

ता.क. हे वाचून कुणी घरातलं बोस्टन फर्न टाकून देणार असेल तर कृपया मला आणून द्या. आमच्या चिंगीला त्याच्या सावलीत झोपायला फार आवडतं. :-)